पान लागलं की आधी भगत, मग दवाखाना: हे अजून का टिकून आहे?

शिवारवाट (मूळ प्रश्न)

जव्हार-मोखाड्याकडच्या आशा कार्यकर्त्या आणि पोलीस पाटलांसाठी जूनच्या आधी दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. विषय सर्पदंश आणि विंचूदंश. भित्तिपत्रकं भरपूर आहेत आणि सगळ्यांवर एकच वाक्य आहे: मांत्रिकाकडे जाऊ नका, दवाखान्यात जा. ते गावात सगळ्यांना पाठ आहे. तरीही पान लागलं (रात्री सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून हा शब्द) की पहिली हाक भगतालाच जाते. यात शिकलेली घरंही आली.

"अज्ञान" एवढं उत्तर मला पुरत नाही. बियाण्याचं वाण, खताची मात्रा, बाजारातला भाव ज्याला नेमका कळतो तो माणूस या एकाच बाबतीत अडाणी कसा? हे नेमकं कशाच्या जोरावर टिकतं आणि पहिल्या तासातला निर्णय बदलायचा तर सत्रात काय सांगावं? तपशिलात लिहा. कावीळ उतरवणं, तान्ह्या मुलांना चटके देणं याबद्दल कुणाला पक्की माहिती असेल तर तीही हवी.

---

दिवड

प्रश्न योग्य जागी नेलात. भगतावरचा विश्वास लोकांनी डोळे मिटून ठेवलेला नाही, डोळ्यांनी पाहून ठेवलेला आहे. जे दिसतं ते अपुरं आहे, गोची तिथे आहे.

समजण्यापुरते आकडे धरू. हे सर्वेक्षण नव्हे, फक्त गणित. एका पट्ट्यात काही वर्षांत १०० जणांना साप चावला. आपल्याकडे जीवघेणे दंश मुख्यतः चौघांचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण भाताच्या खाचरात, पेंढ्यात, घराच्या वळचणीला भेटणारे बरेचसे साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या, डुरक्या घोणस असे बिनविषारी. समजा ६० दंश त्यांचे. उरलेल्या ४० मध्येही काही "कोरडे" असतात, म्हणजे दात लागला पण विष उतरलं नाही किंवा नाममात्र उतरलं. ते १० धरा. राहिले ३०. त्यांतही विष थोडं असेल तर काही जण उपचाराविना तगतात, ते १५ धरा. म्हणजे शंभरच्या शंभर भगताकडे गेले आणि त्याने नुसता अंगारा लावला तरी ८५ जण चालत घरी जाणार. गावाच्या हिशेबी ८५ वेळा "गुण आला". इतक्या वेळा गुण आलेला माणूस लोकांनी का सोडावा?

आता उरलेले १५ बघा. रात्री दोनला मंत्र, पहाटे चारला दुसरा भगत, सहाला पापण्या मिटायला लागल्या की गाडी शोधायची, आठ-साडेआठला दवाखाना. तिथे तासाभरात मृत्यू. मृत्यू कुठे झाला? दवाखान्यात. म्हणजे भगताच्या खात्यावर फक्त जमा आणि दवाखान्याच्या खात्यावर फक्त खर्च. "दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही" हे वाक्य अशा अनुभवांतून तयार होतं. भित्तिपत्रकाने ते पुसत नाही, कारण गावाने ते मढं पाहिलेलं असतं.

देशाचे आकडे मात्र उलटं सांगतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासाने वर्षाला सुमारे ४६,००० सर्पदंश-मृत्यूंचा अंदाज काढला. त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागातले आणि जवळपास ७७ टक्के दवाखान्याबाहेर झालेले. नंतरच्या, २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासात सरासरी वर्षाला ५८,००० आली. सरकारी नोंदी याहून कितीतरी कमी होत्या, कारण घरात झालेला मृत्यू कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. जे मृत्यू मोजले जात नाहीत त्यांची जबाबदारीही कुणावर येत नाही.

दुसरी गोष्ट, भगताच्या चाचण्या. त्या वरून एकदम पटण्याजोग्या असतात, म्हणून सत्रात एकेक उलगडून दाखवा.

कडुलिंबाचा पाला: चघळायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. मण्यारीच्या दंशानंतर पहिले काही तास चव अगदी नेहमीसारखी असते. पाला कडूच लागतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि माणूस झोपी जातो. झोपेत पुढची लक्षणं कुणाला दिसत नाहीत, घात तिथे होतो. शिवाय गिळण्याचे स्नायू ढिले पडत असताना तोंडात पाला, मिरची, तूप असं काहीही घातलं तर ते श्वासनळीत जातं.

कोंबड्या लावणं: पिल्लाची गुदद्वाराची बाजू जखमेवर दाबून धरतात. पिल्लं एकामागून एक मरतात आणि विष खेचलं गेलं असं वाटतं. पिल्लू मरतं ते गुदमरून आणि दाबल्यामुळे. दंश न झालेल्या माणसाच्या पायावर तसंच धरलं तरी मरेल.

काळा दगड: हा बहुधा जाळलेल्या हाडाचा सच्छिद्र तुकडा असतो. ओल्या जखमेला चिकटतो, ओल शोषून भरला की गळून पडतो. "विष पिऊन झालं" याची ती खूण मानतात. विष तोवर रक्तात किंवा लसीकावाहिन्यांत गेलेलं असतं, ते दगडाला कसलं सापडणार?

करकचून बांधलेली दोरी: ही भगत बांधतो, तशी घरचेही बांधतात. खाली हात-पाय काळा-निळा पडतो, तासन् तास राहिली तर सडतो. नागाच्या दंशात दवाखान्याच्या दारात कुणी घाईने ती सोडली तर अडकलेलं विष एकदम आत जाऊन काही मिनिटांत श्वास थांबू शकतो. म्हणून बांधू नका. आणि कुणी आधीच बांधलेली असेल तर वाटेत सोडू नका, सलाईन लावून सर्पविषविरोधी लस तयार झाल्यावर डॉक्टरच सोडतील.

मण्यारीबद्दल वेगळं लिहितो, कारण "बाहेरचं" समजून सगळ्यात जास्त घोळ तिच्याच बाबतीत होतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात पिळवटून दुखतं म्हणून, उलटी होते. मग पापण्या जड, आवाज घोगरा, मान धरवत नाही. साप कुणी पाहिलेला नसतो. धडधाकट माणूस एका रात्रीत बोलेनासा झाला याला घरच्यांकडे दुसरं नाव काय असणार? करणी, भूतबाधा. सत्रात दुसरं काही राहिलं तरी चालेल, पण हे वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घ्या: पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्याला, पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, तर साप न दिसताही मण्यार समजा.

---

आकेंद्र

दिवड यांचं गणित बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. दवाखान्याच्या खात्यावरचे सगळे मृत्यू उशिराचे नसतात. काही आपल्या यंत्रणेचे असतात आणि गाव ते बरोबर ओळखतं.

पहिलं, लस असूनही न देणं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषविरोधी लस असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट असते. तरी एकटा वैद्यकीय अधिकारी रात्री ती द्यायला कचरतो, कारण लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते आणि तिची रिअॅक्शन येऊ शकते: अंगावर गांधी, खाज, थंडी, उलट्या, रक्तदाब कोसळणं. मग "रेफर" शिक्का आणि पुढे ५०-६० किलोमीटर. त्या दोन तासांत रुग्ण जातो. गाव म्हणतं, दवाखान्यात काहीच केलं नाही. खरंच केलेलं नसतं.

रिअॅक्शन हाताळता येते. अॅड्रिनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवायचं, प्रौढाला ०.५ मिलि (एकास हजार) मांडीच्या स्नायूत. लस थांबवायची, रुग्ण सावरला की हळू वेगाने पुन्हा सुरू करायची. लसीची त्वचेवरची पूर्वचाचणी करण्यात वेळ घालवू नये, तिच्यावरून रिअॅक्शनचा अंदाज येत नाही.

मात्रा: विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीला १० व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या). पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलि निर्जंतुक पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि अर्धी लस फेसात जाते. मग सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून. लहान मुलालाही तितकीच, कारण सापाने विष वजन बघून दिलेलं नसतं. "पोरगं लहान म्हणून दोन व्हायल दिल्या" ही चूक अजून होते. आणि जखमेच्या जागी लस टोचणं पूर्ण निरुपयोगी.

घोणस आणि फुरशासाठी वीस मिनिटांची चाचणी: शिरेतलं २ मिलि ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पातळच वाहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडलेली आहे, लस द्या. प्लॅस्टिकची नळी वापरली किंवा काचेची साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना लस जाते. पाच मिनिटांनी उत्सुकतेने हलवून बघणारे तर सगळीकडे आहेत. लस दिल्यावर ६ तासांनी हीच चाचणी पुन्हा.

मण्यारीत लसीचा भरवसा मर्यादित. विष मज्जातंतूंच्या टोकाला एकदा भिनलं की लस ते मागे खेचत नाही. तिथे माणूस वाचतो तो श्वास चालू ठेवल्याने. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पिळत रुग्णवाहिकेतून नेलेले रुग्ण व्हेंटिलेटरवर काही दिवस राहून पूर्ण बरे होतात. डोळे मिटलेले, हात हलत नाही, बुबुळंही स्थिर, नातेवाईक मेलाच समजतात. अशा वेळी रुग्णाला सगळं ऐकू येत असतं. नागाच्या दंशात आधी अॅट्रोपिन आणि मग निओस्टिग्मिन या इंजेक्शनांनी पापण्या उघडताना दिसतात, मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरं, बिनविषारी दंशाचा रुग्ण वेळेवर येतो तेव्हा आपण काय करतो? एक सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि २४ तास निगराणी. वैद्यकशास्त्राने हे योग्यच. पण "साप बिनविषारी होता म्हणून लस दिली नाही, दर तासाला पापण्या आणि श्वास बघतोय" हे कुणी सांगत नाही. माणूस घरी जाऊन सांगतो, दवाखान्यातही नुसतं पाणीच चढवलं, मजुरी मात्र तीन माणसांची बुडाली. हे बोलणं दहा पाड्यांत फिरतं. दोन वाक्यं बोलायला मिनिट लागत नाही.

तिसरं, केसपेपरच्या खिडकीवर म्हातारी म्हणते, "पायाला कायतरी लागलंय." ती सापाचं नाव घेणार नाही. खिडकीवरच्या माणसाने ते जखम म्हणून लिहिलं की रुग्ण ड्रेसिंगच्या रांगेत. पावसाळ्यात प्रत्येक "काहीतरी लागलं"ला विचारायचंच: जनावर होतं का?

---

दिवड

मान्य. एक भर. फुरशाच्या दंशात (कोकणातल्या सड्यावर, गवत कापताना हातालाच होतो) माणूस पहिल्या दिवशी चालता-बोलता असतो. भगताला गुण आल्याचं जाहीर होतं, नारळ फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, लघवी लाल. तोवर त्याचा दंशाशी संबंध तुटलेला असतो आणि "उष्णता झाली" म्हणून दुसरंच काही सुरू होतं. म्हणून बरं वाटलं तरी २४ तास दवाखाना, याला सूट नाही.

सापांच्या ओळखीचा नाद मात्र सत्रात धरू नका. कवड्या आणि मण्यार यांत फरक आहे: मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीने आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी असतात, डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड. पण हे कंदिलाच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने ठरवायचं नसतं. साप मारून बरोबर नेण्याच्या भानगडीत दुसऱ्यालाही दंश होतो. लस चौघांवर एकच आहे, त्यामुळे नाव कळलं नाही म्हणून उपचार अडत नाही.

---

इंगळी

विंचवाबद्दल थोडक्यात. इथे भगताचं फावतं ते वेदनेमुळे. मोठ्या काळ्या इंगळीचा डंख भयंकर दुखतो, पण जिवाला सहसा धोका नसतो. काही तासांत वेदना आपोआप ओसरते आणि "विंचू उतरला".

लाल विंचवाचं उलट आहे. नुसतंच खूप दुखत असेल तर त्यातल्या त्यात बरं. दुखणं मागे पडून उलट्या, दरदरून घाम, हात-पाय गार, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं सुरू झालं की विष हृदयावर गेलेलं असतं, पुढे फुप्फुसात पाणी. नेमकं तेव्हाच "वेदना थांबली" म्हणून भगत उठतो. महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि लाल विंचवाच्या गंभीर दंशातले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्याच्या घरात आले. लहान मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, आणि मूल आडवंच ठेवून, कारण उचलून बसवलं की रक्तदाब उतरतो. गोळी स्वस्त आहे. आशाला एवढंच शिकवा: डंखानंतर हात-पाय गार आणि घाम, की थांबायचं नाही.

---

सिपना

चटके आणि कावीळ विचारलं आहे, तर मेळघाटाचं सांगते. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत कोरकू समाजात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की भूमका (तिकडचा भगत) किंवा घरातलीच जाणती बाई तापवलेल्या विळ्याने नाहीतर सळईने पोटावर चटके देते. याला डंबा देणं म्हणतात. बातम्यांत हे क्रौर्य म्हणून येतं, पण देणाऱ्याच्या मनात बाळाला वाचवण्याची धडपड असते. हे लक्षात न घेता बोलायला गेलात तर पाळणा लपवला जातो आणि पुढच्या भेटीत बाळ "मामाकडे गेलं" असतं.

टिकण्याचं कारण पुन्हा तेच, आपोआप बरे होणारे आजार. तान्ह्याच्या पोटातला वायू दिवस-दोन दिवसांत सरतो. चटक्यांनंतर मूल रडून रडून गळून झोपतं, त्या झोपेला आराम समजतात. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. न्यूमोनियात बाळाचा श्वास वाढतो तेव्हा छातीपेक्षा पोट उडताना दिसतं. आईने पाहिलेलं खरं आहे, पोटात काहीतरी बिघडलंय हा तिचा अर्थ चुकतो. म्हणून पोटाला चटका. तिला "हे चूक आहे" म्हणण्यापेक्षा तिच्या नजरेला एक माप द्यावं: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर न्यूमोनियाचा संशय. छातीची खालची बाजू श्वास घेताना आत ओढली जात असेल किंवा बाळ अंगावर पीत नसेल तर आकडा बघत बसायचं नाही, तडक दवाखाना.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामात हीच वाट दिसते. लोक धापेला "लाहक", "धापा" म्हणतात, तेच शब्द घेतले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन केलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दवाखाना गोंड पाड्यासारख्या झोपड्यांचा बांधला, म्हणजे घरचे रुग्णाजवळ राहू शकतात, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. भगताकडे सगळं कुटुंब भोवती बसतं, दवाखान्यात बाहेर काढतात, हा फरक लोकांना औषधाइतकाच मोठा वाटतो.

कावीळ. अ आणि ई प्रकारची, दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. त्या मुदतीत जो कोणी काही करेल त्याला श्रेय. हातावर आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ "उतरताना" दिसते. सालीतल्या द्रव्याचा चुन्याशी संयोग होऊन तो रंग येतो. निरोगी माणसाच्या हातावर करून दाखवा, सत्रात पाच मिनिटांत होतं. रस आणि चुना दोन्ही आधी घरी करून बघा, साल वाळलेली असेल तर रंग फिका येतो आणि सगळ्यांसमोर प्रयोग फसतो. कडू फळाचा रस नाकात टाकून पिवळं पाणी काढणारेही आहेत, ते नाकाच्या आतल्या त्वचेला झालेल्या दाहाचं पाणी. यात न सांभाळता येणारा धोका म्हणजे "काविळीत सुई चालत नाही" हा समज. गर्भवतीला ई प्रकारची कावीळ झाली तर ती जीवघेणी ठरू शकते, आणि तिलाच सगळ्यात उशिरा आणतात. गुंगी, असंबद्ध बोलणं, रक्तस्राव, यांतलं एकही दिसलं की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

---

शिवारवाट

फार उपयोगी. आता एक अडचण. सत्राला भगतांना बोलवावं का? पोलीस पाटील म्हणतात, जादूटोणा कायदा आहे, दोघांवर गुन्हा टाका, बाकीचे आपोआप थांबतील.

---

आकेंद्र

कायद्याचं आधी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ६ महिने, कमाल ७ वर्षं आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलिसांत त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात.

जोर "रोखून" या शब्दावर आहे. जो म्हणतो "सुई टोचली तर मंत्र फुटेल, नेऊ नका", त्याच्यावर जरूर कारवाई व्हावी. पण पाड्यावरचा साधा भगत बहुधा कुणाला अडवत नाही, लोक स्वतः त्याच्या दारी जातात. सरसकट गुन्हे टाकले तर मंत्र थांबत नाही, लपून होतो. मग दवाखान्यात आल्यावर घरचे पहिल्या चार तासांबद्दल खोटं सांगतात आणि डॉक्टरला दंशाची खरी वेळ कळत नाही.

---

सिपना

बोलवाच. भगताचा मान काढून घ्यायला गेलात तर सत्र तिथेच संपेल. मेळघाटात भूमकांनी रुग्ण दवाखान्यात पाठवावेत म्हणून त्यांना मानधन देण्याचे प्रयोग झालेले आहेत. नुसत्या पैशाने काम होत नाही, कारण भूमकाला गावात किंमत असते ती "पाठवलं" म्हणून नाही, "बरं केलं" म्हणून. त्यामुळे पाठवलेला रुग्ण बरा झाला की निरोप आधी त्याच्याकडे गेला पाहिजे, आणि चार माणसांसमोर: तुम्ही वेळेवर पाठवलंत म्हणून वाचला. हे आशा करू शकते, त्याला निधी लागत नाही.

त्याच्याशी ठरवायचं ते एवढंच: आधी गाडी, मग मंत्र. मंत्र गाडीतही म्हणता येतो. अंगारा कपाळाला चालेल, जखमेला नाही. दोरा चालेल, पण न चावलेल्या हाताला आणि सैल. चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, तोंडात काहीही नाही.

---

दिवड

अंगाऱ्याला परवानगी देणं मला खटकतं. उद्या गुण आला तर श्रेय अंगाऱ्याला जाणार. पण जीव आणि श्रेय यांत निवड करायची तर पहिली रात्र जीवाची, हेही कळतं. श्रेयाचं भांडण उन्हाळ्यात, कुणाला साप चावलेला नसताना, चुन्याच्या पाण्याच्या प्रयोगाने करू.

सत्रासाठी माझी सुचवण. पहिली ४० मिनिटं शंभर दाण्यांचा खेळ: वालाचे १०० दाणे, वरच्या गणिताप्रमाणे बाजूला काढत जायचे आणि दर वेळी विचारायचं, हा कुणामुळे वाचला? उत्तर तुम्ही देऊ नका, शेवटच्या १५ दाण्यांवर लोक स्वतः बोलायला लागतात. नंतर पाऊण तास प्रत्यक्ष हात चालवायचे. पायाला दोन काठ्या आणि लुगड्याच्या पट्ट्यांनी आधार बांधायचा, बोट सहज आत जाईल इतका सैल. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठ्या पहिल्या पाच मिनिटांत काढायच्या, सूज चढली की कापाव्या लागतात. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. चालवत न्यायचं नाही. सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ आणि शेजारी वेळ, ही रेघ डॉक्टरला फार कामाची.

उरलेला वेळ गाडीला द्या, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. कागदावर डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, पण पाड्यापासून डांबरी रस्ताच तीन किलोमीटर असेल तर आकड्याचा उपयोग नाही. १०८ ला फोन लावायचाच, पण ती पाड्यापर्यंत येणार नसेल तर डांबरीवर कुठे भेटायची ती जागा आधी ठरवा. तोवर मोटारसायकल: चालवणारा, मध्ये रुग्ण, मागे त्याला धरून बसणारा. नेपाळच्या तराईत याच पद्धतीने स्वयंसेवकांनी रुग्ण नेले आणि मृत्यू लक्षणीय घटले. प्रत्येक पाड्यातल्या मोटारसायकलवाल्या दोघांची नावं आणि नंबर भगताच्या घराच्या भिंतीवर रंगवून ठेवा. रात्री लोक तिथेच येणार आहेत, तर नंबर तिथेच हवा.

जूनआधी जवळच्या केंद्रात जाऊन चार गोष्टी विचारा: लसीच्या किती व्हायल आहेत (एका रुग्णाला १० लागतात, त्यामुळे चार-पाच असणं म्हणजे नसणंच), मुदत कधीची, अँब्यू बॅग मुलांच्या मापाचीही आहे का, रात्री लसीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते. किल्लीचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही.

---

आकेंद्र

आणखी एक, पोलीस पाटलांसाठी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश दोन्ही येतात, मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये. पण कागद लागतो: दवाखान्याची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल. घरात मंत्र चालू असताना गेलेल्या माणसाचा पहाटेच अंत्यविधी उरकतात आणि विधवेच्या हाती काही राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं आहे, तेव्हा मृत्यू झालाच तर नोंद टाळू नका.

आणि खाटेचं सांगा. मण्यार बाजेवर सहसा चढत नाही. ज्यांच्याकडे खाट नाही त्यांना निदान मच्छरदाणी, चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. धान्याची कणगी उशाशी नको, उंदरामागे साप येतो. ग्रामपंचायतीकडे मागणी करायचीच तर पावसाळ्याआधी भूमिहीन घरांसाठी मच्छरदाण्यांची करा, यादी आशाकडे तयार असते.